कॅमेरा घ्या, पण झेपेल असा

मुलाने किंवा मुलीने पक्ष्यांचे फोटो काढण्यासाठी कॅमेरा मागितला, की वडीलधाऱ्यांना प्रश्न पडतो: पैसा घालावा का, आणि कशावर? छंद चांगलाच आहे. पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली मुंबईच्या मुस्लिम कुटुंबातलेच. मात्र छंदापायी इस्राफ नको आणि व्याजाचे हप्ते तर नकोतच, असे आम्हाला वाटते.

पक्षी लांब बसतात, म्हणून खरा खर्च लांबचे जवळ दिसण्यावर होतो. फुल फ्रेम कॅमेऱ्याची ६०० मिमी एफ/४ लेन्स एकटीच तीन किलोच्या आसपास भरते आणि किंमत लाखांत जाते. मायक्रो फोर थर्ड्स प्रकारच्या कॅमेऱ्यात सेन्सर लहान असतो. त्यावर ३०० मिमीची लेन्स फुल फ्रेमच्या ६०० मिमीइतके जवळचे दाखवते. अशी ७५-३०० मिमीची लेन्स अर्ध्या किलोहून हलकी मिळते. लेन्स बदलता न येणारा ब्रिज कॅमेराही आहे. निकॉन पी९०० चा झूम २००० मिमीइतका पोहोचतो आणि वजन किलोच्या आत राहते.

याची किंमत उजेडात मोजावी लागते. लहान सेन्सरवर फजरनंतरच्या अंधूक प्रकाशात फोटो दाणेदार येतात. ऊन वर आले की काम चांगले होते. हात हलत असेल तर तांदूळ भरलेली कापडी पिशवी कठड्यावर ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवावा. स्टँडचे पैसे वाचतात.

जुना कॅमेरा घेण्यात कमीपणा नाही. फक्त लेन्समधून टॉर्चचा उजेड पाडून आत बुरशीचे जाळे नाही ना, ते पाहावे. कोकणात तर पावसाळ्यात लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवावी.

आमचा सल्ला असा: आधी एक हिवाळा ८×४२ ची दुर्बीण आणि एक वही द्या. पाहुणे पक्षी तेव्हाच येतात. भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित उतरतात, खाड्यांवरही गर्दी होते. घरट्याजवळ जायचे नाही, हेही तेव्हाच शिकवा. हिवाळा सरेपर्यंत वही भरत राहिली, तर साठवलेल्या पैशांतून हलका कॅमेरा खुशाल घ्या. वही कोरी राहिली, तर मोठी रक्कम वाचली आणि दुर्बीण घरात सर्वांच्या कामी येईल.