कण्याचा नकाशा

मुलांनो,

परवा मधल्या सुट्टीत चौथीतला एक मुलगा माझ्या टेबलापाशी येऊन गप्प उभा राहिला. हातातला डबाही उघडला नव्हता. "काय रे, काय झालं?" म्हटलं, तर हळूच म्हणाला, "बाई, आईच्या पाठीचं ऑपरेशन आहे. डॉक्टर मणक्यांत स्क्रू बसवणार. एखादा चुकून भलतीकडे गेला तर?"

प्रश्न अगदी रास्त होता. म्हणून उत्तर तुम्हा सगळ्यांनाच सांगते.

आपला कणा पाठीमागून पाहिला तर सरळ दिसतो. काहींचा मात्र बाजूला वाकतो आणि पिळवटतोही. हा बाक 10 अंश किंवा जास्त असला, की त्याला 'स्कोलिओसिस' म्हणतात. कुणाला तो शाळकरी वयापासून असतो, तर कुणाला मोठेपणी मणक्यांमधल्या चकत्या झिजल्यामुळे येतो. सगळ्यांनाच ऑपरेशन लागत नाही. दुखणं फार वाढलं, चालणं अवघड झालं, तर मणक्यांत स्क्रू बसवून ते सळयांना जोडतात आणि कणा शक्य तितका सरळ करतात.

अडचण अशी, की स्क्रूची वाट जेमतेम काही मिलिमीटर रुंद! शेजारीच मज्जारज्जू आणि नसा. त्यात मणके पिळलेले, म्हणजे प्रत्येक वाटेची दिशा निराळी.

मग डॉक्टर सीटी स्कॅन करून कण्याचं त्रिमितीय चित्र संगणकात घेतात. एका हाडाला छोटी चौकट घट्ट बसवतात. चौकटीवर आणि हत्यारांवर चकाकणारे बारके गोळे असतात. अवरक्त किरणांचा कॅमेरा ते सतत पाहतो. त्यावरून हत्याराचं टोक हाडात नेमकं कुठे आहे, ते पडद्यावर दिसतं. मोबाइलच्या नकाशावर आपला ठिपका सरकतो ना, तसंच!

पण इथेही एक मेख आहे. चौकटीला धक्का लागला, तर पडदा खुशाल चुकीची जागा दाखवतो. म्हणून डॉक्टर मधूनमधून ओळखीच्या हाडाला टोक टेकवून बघतात. पडद्यावरही तीच जागा दिसतेय ना? गणिताचा ताळा आपण करतो, तसा हा ताळा.

"म्हणजे चूक होणारच नाही?" त्यानं विचारलं. खोटं कसं सांगू? म्हटलं, "धोका कमी होतो रे, संपत नाही. म्हणून तर ताळा करतात. तुझ्या मनातलं आईला सांग. बाबांबरोबर जाऊन डॉक्टरांनाही विचार."

त्यानं मान डोलावली आणि डबा उघडला.

आणि हो, कुणाची पाठ वाकडी दिसली तर चिडवू नका बरं! 2009 मध्ये 100 मीटर अवघ्या 9.58 सेकंदांत धावणारा उसेन बोल्ट आठवा. त्याच्याही कण्याला असाच बाक आहे!

तुमच्या बाई