रुंद रस्त्याचे मोल कोणी द्यावे?

मंगरूळपीर हे रस्त्यांच्या मेळावर वाढलेले गाव आहे. अकोला, वाशीम, कारंजा, मानोरा या दिशांची वाहतूक येथे एकत्र येते. दादा हयात कलंदरांच्या दर्ग्याला आणि बिरबलनाथ महाराजांच्या संस्थानाला येणारे भाविक, सोयाबीन-तूर घेऊन बाजारात येणारा शेतकरी, शाळा-कॉलेजात येणारी खेड्यापाड्यांतील मुले, या सर्वांचा भार त्याच रस्त्यांवर पडतो. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला. हा महामार्ग याच तालुक्यातून जातो. अशा गावात रस्ते रुंद व्हावेत, नाल्या बांधल्या जाव्यात, दिवे लागावेत, याला कोणाचाही विरोध असण्याचे कारण नाही. खरा प्रश्न निराळाच आहे. सुधारणेचा खर्च कोणाच्या खिशातून जावयाचा आणि तिचा लाभ कोणाच्या पदरात पडावयाचा?

हा प्रश्न नवा नाही. १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद असताना महात्मा फुले यांनी मंडईच्या इमारतीवरील मोठ्या खर्चास विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव देण्यात आले, हा इतिहासाचा विनोद. नगराच्या तिजोरीतील प्रत्येक रुपया कोणत्या वर्गाकडून आला आणि कोणत्या वर्गासाठी गेला, हे तपासण्याची ती दृष्टी मात्र नामकरणाबरोबर विसरली गेली.

रस्ता सुधारला की त्यालगतच्या जमिनीचे मोल वाढते. ही वाढ मालकाच्या श्रमातून आलेली नसते. ती समाजाच्या पैशातून आणि समाजाच्या वर्दळीतून निर्माण होते. मग तिचा वाटा समाजाकडे परत यावा, हे न्यायाला धरूनच आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने हे तत्त्व मान्यही केले. नगररचना योजनेतील भूखंडाचे मूल्य वाढल्यास, वाढीच्या निम्म्यापर्यंत अंशदान घेण्याची तरतूद त्यात आहे. परंतु ती योजनेच्या क्षेत्रापुरती. बाकी सर्व गावात उरते ती नेहमीची घरपट्टी.

या घरपट्टीची घडण पाहण्यासारखी आहे. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमानुसार, इमारतीला वाजवीपणे मिळू शकेल असे भाडे किंवा प्रत्यक्ष मिळणारे भाडे, यांपैकी जे अधिक असेल त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करून करयोग्य मूल्य ठरते. म्हणजे मोजमाप भाड्याचे आहे. रस्त्यालगत दहा फुटांची दुकानगाळी भाड्याने चालविणारा शिंपी किंवा सायकल दुरुस्त करणारा कारागीर यांच्या गाळ्याचे भाडे वाढले की कर वाढतो, आणि वाढलेला कर मालक बहुधा पुन्हा भाड्यातूनच वसूल करतो. उलट, भाव चढण्याची वाट पाहत मोकळा ठेवलेला मोक्याचा भूखंड भाडे देत नाही, म्हणून त्यावरील कराचा बोजा त्याच्या खऱ्या किमतीच्या मानाने हलका राहतो. जो राबतो तो भरतो आणि जो थांबतो तो कमावतो.

‘करवाढ रद्द करा’ ही घोषणा यावर उपाय नव्हे. ती टाळ्या मिळविते, पण सरसकट सवलतीचा सर्वांत मोठा वाटा सर्वांत मोठ्या मालमत्तेलाच जातो. शिवाय १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाल्यापासून घरपट्टी हाच त्यांच्या स्वतःच्या उत्पन्नाचा मुख्य आधार राहिला आहे. तो खिळखिळा झाला तर नगरपरिषद अनुदानासाठी मुंबईच्या दारात उभी राहणार, आणि पाणी व सफाई यांवाचून पहिली हाल सोसणार ती गरिबांची वस्ती. म्हणून समाजवादी मागणी करमाफीची नाही, करन्यायाची आहे. मुंबईत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ करण्याचा निर्णय जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाला. मग वऱ्हाडातील टिनाच्या छपराखालच्या घराला तोच न्याय का नसावा? लहान राहत्या घराला सूट, मोकळ्या मोक्याच्या जमिनीवर चढता भार, अशी राज्याच्या कायद्यात दुरुस्ती मागितली पाहिजे.

रस्तारुंदीचा दुसरा घाव हातगाडीवर पडतो. अतिक्रमण हा शब्द उच्चारला की भाजीवाली बाई एका दिवसात गुन्हेगार ठरते. वस्तुतः २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने, सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विक्रेत्यांना हटविण्यास मनाई केली आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच असावेत, असेही तो सांगतो. रस्त्याच्या आराखड्यात गटार आणि दुभाजक यांना जशी जागा असते, तशी हातगाडीलाही असली पाहिजे.

या कामात कार्यकर्त्यांचे पहिले कर्तव्य सभा घेण्याचे नाही, कागद वाचण्याचे आहे. नव्या आकारणीची यादी तयार झाली की जाहीर सूचना निघते आणि हरकतींसाठी किमान तीस दिवसांची मुदत मिळते. त्या मुदतीत लेखी हरकत न नोंदविणाऱ्याला पुढे अपिलाचा मार्गही बंद होतो. अपिलापूर्वी मागणीची रक्कम जमा करावी लागते, ती गोष्ट वेगळीच. धनिकांकडे यासाठी वकील असतात. गरिबाच्या हाती बिल पडते तेव्हा मुदत उलटलेली असते. म्हणून प्रत्येक प्रभागात यादीचे जाहीर वाचन व्हावे. शेजारशेजारच्या दोन मालमत्तांची आकारणी लोकांनी समोरासमोर ताडून पाहावी. हरकतीचे अर्ज लिहून देणारी पोरे त्या महिनाभर चौकात बसलेली असावीत. भाडेकरूंनाही या चर्चेत स्थान हवे, कारण नोटीस मालकाला येत असली तरी पैसा त्यांच्या गल्ल्यातून जातो.

राज्यातील बहुसंख्य नगरपरिषदांवर काही वर्षे प्रशासकांचा कारभार होता. डिसेंबर २०२५ मधील निवडणुकांनी लोकप्रतिनिधी पुन्हा आले. यापुढे ‘वरून आदेश आला’ हे उत्तर पुरेसे ठरू नये. रस्ता किती फूट रुंद झाला हे अभियंता मोजील. त्या रुंदीसाठी कोणाचे छप्पर मागे सरले, कोणाचा भूखंड पुढे आला आणि दोघांनी किती भरले, हे मोजण्याचे काम मात्र लोकांचे आहे, आणि ते यादी कायम होण्यापूर्वीच झाले पाहिजे.