१७० अर्ज आणि एक वस्ताद

भारतीय फुटबॉल संघासाठी प्रशिक्षक हवा, अशी जाहिरात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०२५ च्या जुलै महिन्यात दिली आणि तिला १७० अर्ज आले. त्यांतल्या एका अर्जावर बार्सिलोनाच्या शावीचे नाव होते. महासंघातल्या एका जबाबदार व्यक्तीने हे उत्साहाने सांगूनही टाकले, बातमी जगभर फिरली आणि चार दिवसांत महासंघालाच खुलासा करावा लागला की, शावी आणि पेप गार्डिओला यांच्या नावाने आलेल्या ई-मेलचा खरेपणा पटलेला नाही. आमच्याकडे ग्रामपंचायतीत शिपायाची जागा भरायची तरी मूळ दाखले पाहिल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. असो. गंमत दोन दिवसांत विरली. प्रश्न मात्र उरला आणि तो गंभीर आहे.

महासंघाच्या तांत्रिक समितीने, म्हणजे आय. एम. विजयन यांच्या अध्यक्षतेखालील मंडळींनी, अखेर तीन नावे पुढे ठेवली: खालिद जमील, पूर्वी दोनदा हे पद सांभाळलेले इंग्रज प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टंटाइन आणि स्लोव्हाकियाचे श्टेफान तार्कोविच. १ ऑगस्ट रोजी जमील यांची निवड झाली. गोव्याचे साव्हियो मेदेरा २०१२ मध्ये पायउतार झाल्यानंतर तब्बल तेरा वर्षांनी हे पद कायमस्वरूपी एका भारतीयाकडे आले.

माझ्या मते निवड योग्य होती. जमील यांचा जन्म कुवेतचा, पण खेळाडू आणि प्रशिक्षक म्हणून ते घडले मुंबईत. महिंद्र युनायटेडकडून ते खेळले, मग मुंबई एफसी हा फारसा पैसा नसलेला क्लब त्यांनी सात वर्षे सांभाळला. तिथून त्यांना निरोप मिळाला तेव्हा ते मिझोरमला गेले आणि आदल्या वर्षी पदावनतीची नामुष्की ओढवलेल्या ऐझॉल एफसीला त्यांनी २०१६-१७ ची आय-लीग जिंकून दिली. मोहन बागान, ईस्ट बंगाल, बंगळुरू ही धनिक घराणी बघत राहिली. हाताशी जे आहे त्यात संसार करून दाखवणारा हा माणूस आहे.

आता दुसरी बाजू. जमील ज्या दोन मुंबईकर क्लबांत घडले ते दोन्ही आज नाहीत. महिंद्र युनायटेडने २०१० मध्ये गाशा गुंडाळला, मुंबई एफसी २०१७ मध्ये संपला. पुण्याचा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये मिटला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. कूपरेजवर ज्या रोव्हर्स चषकासाठी देशभरचे संघ यायचे तो २००१ च्या सुमारास बंद पडला. माणूस निवडला, पण तो ज्या मातीतून उगवला ती माती आपण विकून बसलो आहोत.

लोणंद हे काही फुटबॉलचे गाव नव्हे. माउलींची पालखी आणि कांद्याचा बाजार ही आमची ओळख. पण याच बाजारात बसून मला प्रशिक्षकाच्या पदाचा खरा अर्थ उमगला. कांद्याचा भाव पडला की शेतकऱ्याचा पहिला राग अडत्यावर निघतो, कारण समोर तोच असतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क बसले, डिसेंबरात निर्यातच बंद झाली. हे निर्णय लोणंदच्या आवारात झालेले नव्हते. तरी बोलणी खाल्ली ती इथल्या माणसांनी. अडते सगळे साधुसंत आहेत असे मी म्हणणार नाही. पण अडत्या बदलून दिल्लीचे धोरण बदलत नाही, हे ज्याला कळते त्याला भारतीय फुटबॉलच्या प्रशिक्षकाची गत समजावून सांगावी लागत नाही.

मागची काही वर्षे पाहा. कॉन्स्टंटाइन यांच्या दुसऱ्या कारकिर्दीत भारत जागतिक क्रमवारीत १७३ वरून २०१७ मध्ये ९६ पर्यंत चढला. २०१९ च्या आशियाई चषकात बहरीनकडून हरला त्याच रात्री त्यांनी राजीनामा दिला. मग क्रोएशियाचे इगोर स्टिमॅच आले. २०२३ मध्ये त्यांनी तीन स्पर्धा जिंकल्या, त्यांचे करारपत्र वाढवले गेले. पुढच्याच जानेवारीत आशियाई चषकात संघाने तिन्ही सामने गमावले, एकही गोल न करता, आणि जून २०२४ मध्ये त्यांना काढून टाकण्यात आले. करार मोडल्याबद्दल सुमारे चार लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवल्याची वृत्ते आली. त्यानंतरचे स्पेनचे मानोलो मार्केझ एकाच वेळी एफसी गोवाही सांभाळत होते. एका माणसाने दोन घरचा कारभार पाहावा, ही सोय महासंघाला कशी सुचली ते महासंघच जाणे. आठ सामन्यांत एक विजय, तोही मालदीवविरुद्ध. जून २०२५ मध्ये हाँगकाँगकडून हार आणि जुलैमध्ये परस्परसंमतीने निरोप. त्याच महिन्यात भारत क्रमवारीत १३३ वर घसरलेला होता.

या सगळ्या चढउतारात एक गोष्ट बदलली नाही. गोल करणारा माणूस एकच राहिला. सुनील छेत्री २०२४ मध्ये निवृत्त झाला आणि मार्च २०२५ मध्ये, चाळिशीत, परत बोलावला गेला. त्याने येऊ नये असे नाही; २०२४-२५ च्या इंडियन सुपर लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा भारतीय तोच होता, चौदा गोलांसह. पण चाळीस वर्षांच्या गड्याला मागे टाकणारा एकही पंचविशीतला पोरगा देशात सापडू नये, याचा दोष कोणत्या प्रशिक्षकाला द्यायचा? क्लबांना चार परदेशी खेळाडू मैदानात उतरवता येतात आणि त्यांतला एक तरी बहुधा पुढच्या फळीत असतो. क्लबचेही खरे आहे. त्याला यंदा जिंकायचे असते, देशाची २०३० ची सोय लावायची नसते. ती सोय पाहण्याचे काम ज्यांचे, ते निवडणुका आणि न्यायालयांत गुंतलेले. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने महासंघाला काही दिवस निलंबित केले होते. २०२५ मध्ये तर व्यापारी करार संपत आल्यामुळे लीगचा हंगामच अधांतरी राहिला.

जुन्या काळाचा दाखला लोक देतात तो सय्यद अब्दुल रहीम यांचा. १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदके, १९५६ ला मेलबर्नमध्ये चौथा क्रमांक. पण ते सांगताना आपण एक गोष्ट विसरतो. रहीम यांचा हैदराबाद सिटी पोलीस संघ १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईत येऊन रोव्हर्स जिंकत होता. त्यांना खेळाडू घडवायला बारमाही स्पर्धा होत्या आणि राष्ट्रीय संघावर जवळजवळ बारा वर्षे मिळाली. जमील यांना ऑगस्टअखेर पहिला सामना खेळायचा होता.

तो त्यांनी जिंकला. ताजिकिस्तानला त्यांच्या घरी २-१ असे हरवले, पुढे ओमानला पेनल्टीवर नमवून मध्य आशियाई स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळवला, आणि वर्तमानपत्रांतून लगेच ‘देशी वस्तादाचा’ जयजयकार झाला. सहा आठवडेही झाले नव्हते तोच, १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने आधी पिछाडीवर असून २-१ ने हरवले आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशने बावीस वर्षांनंतर आपल्याला हरवले. जयजयकार करणारेच मग नवे नाव शोधू लागले.

कोल्हापुरात मात्र वेगळे चित्र आहे. तिथे फुटबॉल तालमींनी धरून ठेवला आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की पेठाच्या पेठा लोटतात. त्याच शहराचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. तालमीत वस्ताद निवडताना जाहिरात देत नाहीत. पोरे ज्याच्या हाताखाली वर्षानुवर्षे घाम गाळतात, तोच वस्ताद होतो. महासंघाच्या १७० अर्जांच्या ढिगात कोल्हापूर, कूपरेज किंवा ऐझॉलमधल्या अशा माणसांचे अर्ज किती होते, आणि त्यांनी प्रशिक्षकाचे उच्च परवाने मिळवावेत म्हणून कोणी पैसे मोजले, हे मला महासंघाला विचारायचे आहे. २०२७ च्या जानेवारीत सौदी अरेबियातला आशियाई चषक आपण घरी बसून पाहणार आहोत. तेवढा अवधी उत्तर द्यायला पुरेसा आहे.