गच्चीवरचा वारा लाइटबिल भरेल का?

इन्स्टावर सध्या एका प्रकारचं रील हमखास दिसतं. कुणीतरी जुना सीलिंग फॅन उघडतो, आत चुंबकं चिकटवतो, पीव्हीसी पाइप कापून पाती बनवतो आणि सगळा जुगाड गच्चीवर चढवतो. पुढच्या फ्रेममध्ये बल्ब पेटलेला असतो. खाली कॅप्शन : ‘आता लाइटबिल विसरा!’ फायनल इयरच्या प्रोजेक्टच्या यादीतही घरगुती पवनचक्की दरवर्षी असतेच. बल्ब पेटतो हे खरं आहे. पण त्यावर घर चालेल का, हा हिशोब रीलमध्ये कुणी मांडत नाही. तो इथे मांडूया.

घनाचा खेळ

वाऱ्यातून मिळणारी ताकद त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग दुप्पट झाला की ताकद आठपट, आणि वेग निम्मा झाला की ताकद एक अष्टमांश. शिवाय वाऱ्यातली सगळी ऊर्जा पात्यांना काढून घेता येत नाही. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिलं, की जास्तीत जास्त ५९.३ टक्केच ऊर्जा मिळू शकते. घरी बनवलेल्या यंत्राला २५-३० टक्के मिळाले तरी भारी म्हणायचं.

आता दोन मीटर व्यासाची पवनचक्की घ्या. वारा सेकंदाला ३ मीटर वेगाने वाहत असेल, तर हातात पडतात साधारण १५ वॉट. तो वारा चोवीस तास, महिनाभर न थांबता वाहिला असं धरलं, तरी महिन्याला होतात ११ युनिट. वारा सेकंदाला ६ मीटर असेल, तर तीच चक्की सव्वाशे वॉट देते, म्हणजे महिन्याला ९० युनिट. यंत्र तेच, खर्च तोच, फरक फक्त जागेचा. म्हणून ‘कुठली चक्की घेऊ?’ याआधी ‘माझ्याकडे वारा किती?’ हे विचारायला हवं.

शहरातल्या गच्चीवर या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा निराशाजनक असतं. गच्चीत उभं राहिल्यावर केस उडतात, म्हणून वारा भरपूर आहे असं वाटतं. पण शेजारची बिल्डिंग, पाण्याची टाकी, झाडं यांना धडकून तो वारा भोवऱ्यासारखा फिरत येतो. चक्कीला हवा असतो सरळ, सलग वारा. त्यासाठी साधा नियम सांगतात : शंभर मीटरच्या परिसरातल्या सगळ्यात उंच अडथळ्यापेक्षा पाती निदान ९-१० मीटर वर हवीत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एवढ्या उंच खांबाची परवानगी मागून बघा!

ब्रिटनने करून पाहिलं

हा नुसता कागदावरचा हिशोब नाही. ब्रिटनमध्ये २००७-०८ च्या सुमारास ‘वॉरिक विंड ट्रायल्स’ नावाची चाचणी झाली. इमारतींवर बसवलेल्या २६ छोट्या पवनचक्क्यांची वीज प्रत्यक्ष मोजली गेली. बंद पडलेला काळ धरून सरासरी निघाली दिवसाला २१४ वॉट-तास, म्हणजे पाव युनिटही नाही. गंमत म्हणजे, ज्या उंच टॉवरवर वारा खरंच चांगला होता, तिथल्या चक्क्या आवाजाच्या तक्रारींमुळे बराच काळ बंद ठेवाव्या लागल्या.

आणि हो, मलावीच्या विल्यम कामक्वांबाचं काय? चौदाव्या वर्षी सायकलचे पार्ट, ट्रॅक्टरचा पंखा आणि डायनॅमो जोडून त्याने पवनचक्की उभी केली. त्यावर पुस्तक आलं, सिनेमाही आला. पण त्याच्या घरी वीजच नव्हती. अंधारात पेटलेला पहिला छोटा दिवा आणि महावितरणचं कनेक्शन असलेल्या घरातलं बिल कमी करणं, ही दोन वेगळी गणितं आहेत. त्याच्यासाठी थोडे वॉटही आयुष्य बदलणारे होते.

सरकारचं बोट सूर्याकडे

फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना आली. एक कोटी घरांचं उद्दिष्ट आहे आणि तीन किलोवॉटच्या सोलरला ७८ हजार रुपये केंद्रीय अनुदान मिळतं. या योजनेत घरगुती पवनचक्कीला जागा नाही. हा अन्याय वाटेल, पण कारण सरळ आहे. एक किलोवॉट सोलर आपल्याकडे दिवसाला सरासरी चारेक युनिट देतं. त्यात फिरणारा एकही भाग नाही, आवाज नाही, बेअरिंग बदलायची भानगड नाही.

वाऱ्याची खरी कमाई मोठ्या चक्क्यांमध्येच आहे. साताऱ्याचं वनकुसवडे, चाळकेवाडी किंवा धुळ्याचं ब्राह्मणवेल बघा. तिथे पठार आहे, उंच मनोरे आहेत, प्रचंड पाती आहेत. देशाची पवनऊर्जा क्षमता मार्च २०२५ मध्ये ५० गिगावॉटच्या पुढे गेली, ती अशाच प्रकल्पांच्या जोरावर.

मग घरगुती चक्की बादच?

नाही. आपल्याकडे सोलर सगळ्यात कमी पडतं ते पावसाळ्यात, आणि सह्याद्रीच्या पठारांवर वारा सगळ्यात जोरात असतो तोही पावसाळ्यातच. उघड्या माळावरची वस्ती, घाटमाथ्यावरची शाळा, किनाऱ्यावरचं एकटं घर, जिथे लाइन वारंवार जाते, तिथे सोलर, छोटी चक्की आणि बॅटरी ही जोडी चालू शकते. अशा संकरित यंत्रणांना पूर्वी सरकारी अनुदानाचा आधार होता. सूर्यघरच्या गाजावाजात ही मोजकी ठिकाणं विसरली जाऊ नयेत. सरसकट अनुदान नको. ‘आधी वारा मोजा, मग पैसे घ्या’ ही अट घालून ते देता येईल.

वारा मोजायचं काम कोण करणार? इथे तुम्ही येता. प्रोजेक्टसाठी तीच ती चक्की पुन्हा बनवण्यापेक्षा कॉलेजच्या किंवा गावच्या टेकडीवर खांब उभारून, वेगमापक आणि डेटा लॉगर लावून वर्षभराच्या नोंदी घ्या. नुसत्या सरासरीवर जाऊ नका, दर तासाचा वेग नोंदवा. घनाच्या खेळात थोडे जोराचे तासच बाजी मारतात. अशी नोंद एखाद्या ग्रामपंचायतीचे लाखो रुपये वाचवू शकते.

आणि घरचं बिलच कमी करायचं असेल, तर आधी छताकडे बघा. साधा पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी पंखा साधारण ३०. दिवसाला बारा तास चालणारे चार पंखे बदलले, तर महिन्याला जवळपास ६५ युनिट वाचतात. मंद वाऱ्यातल्या त्या चक्कीने महिनाभर राबून दिले होते अकरा. यावर रील कुणी करत नाही, कारण त्यात गरगर फिरणारं नवं काहीच दिसत नाही. पण बिलावरचा आकडा यानेच हलतो.