जादा भरलेल्या गाडीचा भार कोणाच्या डोक्यावर?



गळिताच्या दिवसांत फडावर गेलो की आम्हाला एकच बोलणे ऐकू येते. "साहेब, उरलेल्या मोळ्या पण टाका वर. तेवढ्यासाठी दुसरी खेप कुठं आणता?" मुकादम मान डोलावतो, ड्रायव्हर दोर आवळतो आणि गाडी डुलत डुलत रस्त्याला लागते.

गेल्या हंगामात अशीच एक जोड ट्रॉली चढावर पिन तुटून उलटली. मागे रिफ्लेक्टर नव्हता. अंधारात एका सभासदाचाच मुलगा मोटारसायकलसह तिच्यावर आदळला आणि पाय मोडून बसला. त्या रात्री दवाखान्यात त्याच्या वडिलांसमोर उभे राहताना आम्हाला मान वर करवली नाही.

काही वाहतूकदार म्हणतात, "परवाना काढला की जादा माल नेता येतो." येतो, पण ज्याचे तुकडे करता येत नाहीत असा माल. बॉयलरचा ड्रम किंवा मोठा ट्रान्सफॉर्मर यांना खास परवानगी मिळते ती त्यामुळेच. ऊस मोळीमोळीने भरतो, दोन खेपांत येतो. त्याला ही सवलत नाही. आर. सी. बुकावर जे वजन, तेवढेच. केंद्र सरकारने २०१८ साली दोन आसांच्या ट्रकची मर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टन केली खरी, पण त्यात गाडीचे स्वतःचे वजनही आले, हे पुष्कळजण विसरतात.

आता दंडाचे पाहू. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. म्हणजे तीन टनांना २६,००० रुपये. माल बाजूला किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेला तर त्याचा दंड वेगळा. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. उतरवलेला ऊस उन्हात सुकतो, वजन घटते, उतारा पडतो. हे नुकसान कोणाचे?

कायदा नुसत्या ड्रायव्हरला धरत नाही. चालवणारा, चालवायला लावणारा आणि चालवू देणारा, तिघेही त्यात येतात. विम्याचेही तसेच. ड्रायव्हरला लायसन नाही किंवा परवान्यात न बसणाऱ्या कामाला गाडी लावली, तर विमा कंपनीला हात झटकायला वाट मिळते. कोर्टाने जखमीला पैसे द्यायला लावले, तरी पुष्कळदा कंपनी ते मालकाकडून वसूल करते. शेतीकामासाठी नोंदलेला ट्रॅक्टर भाड्याने ऊस ओढायला लावणाऱ्यांनी हे नीट ध्यानात घ्यावे.

वाहतूकदाराचीही बाजू आहे. भाडे टनावर मिळते, डिझेल महाग, यार्डात नंबर लागायला रात्र जाते. मग तो खेप वाचवणारच. आणि खरे सांगायचे तर हंगामअखेरीस ऊस उरला की आमच्या शेतकी खात्यानेही डोळेझाक केली आहे. ती चूक आम्ही कबूल करतो.

आमचे मत स्पष्ट आहे. वजनकाट्याच्या पावतीवर गाडीचे मंजूर वजन छापावे आणि त्यापुढच्या टनाचे वाहतूक बिल देऊ नये. त्याबरोबर यार्डातला खोळंबाही कमी करावा, नाहीतर नियम कागदावरच राहील. रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीला गेटातून बाहेर सोडू नये.

आणि सभासदांनी फडावर "अजून टाका" म्हणणे सोडावे. कारखाना आपला आहे, तसा रस्ताही आपलाच आहे. त्याच रस्त्याने आपली पोरं शाळेला जातात.

— ऊस विकास अधिकारी