पूल उतरल्यावर दिसणारं व्हेनिस

व्हेनिसच्या ग्रँड कॅनॉलवर पूल चारच. त्यातल्या अकादेमिया पुलावर संध्याकाळी कठड्यापाशी जागा मिळणं कठीण असतं. समोर सांता मारिया देल्ला सालूते चर्चचा घुमट, त्याच्याकडे वळत जाणारं पाणी, दोन्ही काठांवर राजवाडे. प्रत्येकाला हाच फोटो हवा असतो. याच पुलाच्या उत्तर टोकाला सान विदाल नावाचा चौक आहे. इथे पूल नव्हता तेव्हा, 1725 च्या सुमारास, कनालेत्तो या चित्रकारानं या जागेचं एक चित्र काढलं. ते आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात घुमट नाही आणि मिरवणूकही नाही. चौकातल्या चर्चच्या दुरुस्तीसाठी आणलेले दगड सगळीकडे पडलेत, पाथरवट छिन्नी चालवताहेत, खिडक्यांतून कपडे वाळताहेत. पुढच्या कोपऱ्यात एक मूल धडपडून पडलंय आणि त्याची आई हात पसरून धावली आहे. कनालेत्तोचं पोट चालायचं ते सहलीला येणाऱ्या इंग्रज श्रीमंतांना व्हेनिसची देखणी दृश्यं विकून. हे चित्र मात्र त्यानं बहुधा शहरातल्याच कुणासाठी काढलं, असं अभ्यासक मानतात. त्याची सर्वोत्तम चित्रं मोजताना याचं नाव आवर्जून घेतलं जातं.

आडवाटेवर फोटोसाठी जागा शोधणाऱ्यांनी या चित्रापासून सुरुवात करावी, असं मला वाटतं. आपण जागा शोधायला निघतो ती नकाशावरचा ठिपका म्हणून: अमुक पूल, तमुक खिडकी. पण ठिपका फार दिवस आडवाटेवर राहत नाही. ‘आक्वा आल्ता’ हे तिथलं पुस्तकांचं दुकान पाहा. पुराचं पाणी शिरतं म्हणून पुस्तकं जुन्या होडीत आणि बाथटबात रचलेली, मागच्या अंगणात भिजून वाया गेलेल्या पुस्तकांच्याच पायऱ्या. कधी काळी चुकून सापडावं असं हे दुकान होतं. आता त्या पायऱ्यांवर उभं राहायला रांग लागते. ‘न पाहिलेलं व्हेनिस’ म्हणून याद्या फिरतात, त्यातल्या प्रत्येक जागेच्या नशिबी आज ना उद्या हेच आहे. म्हणून शोध जागेचा नव्हे, कामाचा घ्यावा. हे शहर पाण्यावर चालतं कसं, ते कळलं की पाहण्यासारखं काय नि कुठे, हे शहरच सांगू लागतं.

गोंडोल्याचंच घ्या. पाण्यावर तो सगळ्यांना दिसतो, पण त्याची खरी करामत पाण्याखाली असते. दोरसोदुरो भागात सान त्रोवाझोच्या कालव्याकाठी सतराव्या शतकापासूनचा होड्यांचा कारखाना आहे. आत जायची गरज नाही, समोरच्या काठावरून सगळं दिसतं. उतरत्या काठावर ओढून पालथे घातलेले काळे गोंडोले आणि मागे डोंगरातल्या घरासारखी लाकडी इमारत. होड्या बांधणारे कारागीर आणि त्यांचं लाकूड उत्तरेच्या डोंगराळ मुलखातून येत, त्याची ही खूण. गोंडोला पालथा असला की कळतं, तो सरळ नाहीच. डावी बाजू उजवीपेक्षा सुमारे 24 सेंटिमीटर रुंद असते, कारण वल्हं एकच आणि तेही उजवीकडे. सारख्या बाजूंची होडी अशानं गोल फिरत राहिली असती. आठ जातींचं लाकूड, सुमारे 280 तुकडे आणि मुद्दाम ठेवलेला हा बाक. सूर्यास्ताच्या हजार फोटोंत जे येत नाही ते या एका फोटोत येतं.

चौकांचंही तसंच. जवळजवळ प्रत्येक चौकाच्या मध्यभागी दगडी आड दिसतो. पण खाऱ्या पाण्यानं वेढलेल्या बेटावर गोडं पाणी येणार कुठून? आडाच्या आसपासच्या फरशीत भोकं पाडलेले पांढरे दगड आहेत. पावसाचं पाणी त्यातून खाली जाई, चिकणमातीनं लिंपलेल्या खड्ड्यातल्या वाळूत गाळलं जाई आणि मधल्या विटांच्या नळीत साठे. म्हणजे अख्खा चौक हीच टाकी. 1884 मध्ये नळाचं पाणी आलं आणि आडांवर झाकणं बसली. जुन्या आडांच्या काठांवर दोरानं पाडलेल्या खाचा अजून आहेत. सकाळचं तिरपं ऊन त्यावर पडलं की त्या खाचा बोटानं मोजता येतात. अशा चौकात गर्दी का नसते, तर स्टेशनकडून रिआल्तो पूल आणि सान मार्को चौकाकडे नेणारे पिवळे बाण तिथे वळत नाहीत. बाणाची वाट सोडून दोन बोळ आत शिरलं, की आवाज एकदम खाली येतो.

उजेडाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. अरुंद बोळांत ऊन थेट पोहोचतं ते दुपारी थोडा वेळ. तरी व्हेनिसचे कालवे अंधारे वाटत नाहीत, कारण समोरच्या भिंतीवरचं ऊन पाण्यात उतरतं. पाणी सावलीत आणि वरची भिंत उन्हात, अशा वेळी कालवा विटकरी-सोनेरी होतो. त्यासाठी प्रसिद्ध कालवा लागत नाही, भिंत कुठल्या दिशेला आहे ते पाहावं लागतं.

असं आडवाटेनं फिरण्यावर पहिला आक्षेप येईल तो वेळेचा. आपल्याकडच्या युरोप सहलीत व्हेनिसच्या वाट्याला बहुधा एक दिवस येतो, तोही घड्याळाशी बांधलेला. एवढे पैसे खर्चून गेलेल्या माणसानं सान मार्को सोडून होड्यांचे कारखाने का पाहावेत? मुद्दा रास्त आहे. सान मार्को पाहूच नका, असं कुणी म्हणू नये. ते तेवढं सुंदर आहेच. पण सान विदाल चौक पुलाला लागून आहे आणि होड्यांचा कारखाना पुलाच्या दुसऱ्या टोकापासून काही मिनिटांवर. दिवस वाढवावा लागत नाही, फक्त घोळका थोडा वेळ सोडावा लागतो. आणि शहरालाही आता घोळके पेलत नाहीत. 2024 मध्ये ठरावीक दिवशी एका दिवसापुरत्या येणाऱ्यांना 5 युरो शुल्क लागू झालं, वाटाड्यासोबतच्या गटांवर 25 माणसांची मर्यादा आली आणि ध्वनिवर्धकांवर बंदी.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. गर्दी निदान ठरलेल्या वाटेवर असते; तिला रहिवाशांच्या बोळांत नेऊन त्यांचं उरलंसुरलं घरपणही का घ्यायचं? 1951 मध्ये जुन्या शहरात पावणेदोन लाखांच्या आसपास लोक राहत. 2022 मध्ये हा आकडा 50 हजारांच्या खाली गेला. तिथे उरलेल्या आजीबाईंची दोरीवर वाळणारे कपडे म्हणजे आपल्या कॅमेऱ्याची सोय नव्हे. हे मान्य करूनच पुढे जावं लागतं: खिडकीच्या आत लेन्स रोखायची नाही, माणसाचा चेहरा विचारल्याशिवाय घ्यायचा नाही, जागेचा नेमका पत्ता जगभर वाटायचा नाही. पण म्हणून रहिवाशांचं शहर टिपूच नये, हे मला पटत नाही. जान्नी बेरेंगो गार्दिन या थोर छायाचित्रकारानं अवाढव्य क्रूझ जहाजांचे कृष्णधवल फोटो घेतले, ते शहराच्या रोजच्या जगण्यातूनच: छपरांच्या वर, बोळाच्या तोंडाशी अचानक उभी राहिलेली जहाजाची भिंत. 2015 मध्ये दोजेंच्या, म्हणजे व्हेनिसच्या जुन्या सत्ताधीशांच्या, राजवाड्यातलं त्यांचं प्रदर्शन महापौरांनी रोखलं. मग ते सान मार्को चौकातच दुसऱ्या जागी भरलं आणि गाजलं. ऑगस्ट 2021 पासून मोठ्या जहाजांना जुदेक्का कालव्यात मज्जाव झाला. बंदी एकट्या फोटोंमुळे आली असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. पण बोळात राहणाऱ्याला काय दिसतं, हे जगानं त्या फोटोंत पाहिलं.

ज्याला सुरुवात कुठून करावी कळत नसेल, त्यानं सकाळी सांता मार्गेरिता चौकात जावं. तिथल्या एका जुन्या इमारतीच्या भिंतीत दगडी पाटी आहे. कुठली मासळी किती लांबीची झाल्याशिवाय विकायची नाही, ते तिच्यावर कोरलंय: तारली 7 सेंटिमीटर, वाम 25. कोकणातल्या कुणालाही ती पाटी लगेच कळेल. दगड झिजलाय, त्यामुळे अक्षरं उठून दिसायला ऊन बाजूनं यायला हवं.