परसातील शेड आणि साठ दिवसांची मुदत

पावसाळा तोंडावर आला की सायकली, जुने सामान, पाण्याचा पंप यांवर छप्पर घालण्याची निकड घरोघर उत्पन्न होते. चार खांब रोवून वर पत्रे टाकायचे, त्याला परवानगी ती कसली, अशी सर्वसामान्य गृहस्थाची समजूत असते. ती चुकीची आहे. मुंबईबाहेरील महानगरपालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या अधिनियमाने ‘इमारत’ या शब्दाच्या व्याख्येत शेडचा, मग ती लाकडाची असो की धातूची, स्पष्ट समावेश केला आहे. आणि १९६६ च्या नगररचना अधिनियमान्वये विनापरवाना बांधकामास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पुष्कळांस हे कळते ते नोटीस हाती पडल्यावर!

नियमच अनाठायी आहेत, असे आम्ही म्हणणार नाही. घराभोवतीची मोकळी जागा केवळ शोभेसाठी सोडलेली नसते. दोन घरांमधील त्या पट्ट्यातून उजेड व वारा येतो, आणि आग लागली तर बंबवाल्यांना तेथूनच आत शिरावे लागते. शेजाऱ्याच्या खिडकीखाली पत्रा ठोकून त्याच्या घरात अंधार करण्याचा हक्क कोणासही नाही. (पत्र्यावरचे पाणी शेजारच्या अंगणात सोडणारे महाभाग तर गल्लोगल्ली आहेत.)

आमचा आक्षेप आहे तो कारभाराच्या पद्धतीवर. १९६६ च्या त्याच अधिनियमाच्या कलम ४५ प्रमाणे ६० दिवसांत निर्णय कळविला नाही, तर नियमात बसणाऱ्या बांधकामास परवानगी मिळाली असे मानले जाते. तरतूद उत्तम, परंतु कार्यालयाने त्रुटी काढली की ही मुदत अर्जदाराच्या उत्तरापासून नव्याने मोजली जाते. आज मिळकत पत्रिका, महिन्याने कराची पावती, पुढे नकाशावरील सही, अशा त्रुटी सुट्या सुट्या निघू लागल्या, तर साठ दिवस संपतच नाहीत; पावसाळा मात्र संपतो. २०२० च्या एकत्रीकृत नियमावलीने १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांसाठी वाट पुष्कळ सुकर केली, हे खरे. पण ती सवलत ठरते भूखंडाच्या आकारावर, बांधकामाच्या आकारावर नव्हे.

छोट्या शेडसाठी एकपानी अर्ज असावा, सर्व त्रुटी एकाच वेळी लेखी कळवाव्यात आणि हद्दीपासून किती अंतर सोडावयाचे ते प्रभाग कार्यालयाच्या फलकावर सोप्या मराठीत लिहावे. एवढ्यासाठी आयुक्तांना मंत्रालयाच्या आदेशाची वाट पाहण्याचे काहीच कारण नाही.